हवालदारसाहेब, मोटारसायकल कुणी हलवली तेवढं लिहा

प्रति,
महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत अपघाताच्या गुन्ह्यांचा तपास करणारे हवालदार, सहायक फौजदार आणि उपनिरीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. गेली एकवीस वर्षं मोटार अपघात नुकसानभरपाईचे दावे हेच माझं मुख्य काम. पहिली पाच वर्षं विमा कंपन्यांच्या पॅनेलवर असलेल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर होते, पुढची सोळा अर्जदारांच्या बाजूने. बाजू बदलली तरी एक सवय तीच राहिली. नवीन फाइल आली की दवाखान्याची बिलं, उत्पन्नाचे दाखले बाजूला ठेवायचे आणि आधी तुमचा घटनास्थळ पंचनामा काढायचा. तो वाचून झाला की दाव्याचं पुढे काय होणार हे साधारण कळतं. तो अंदाज फारसा चुकत नाही, म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

तुमच्या दृष्टीने गुन्ह्याचा तपास दोषारोपपत्र पाठवलं की संपतो. खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, बरेचदा आरोपी ड्रायव्हर सुटतो, आणि तुमची तोवर दुसऱ्या ठाण्यात बदली झालेली असते. पण त्याच कागदांच्या नकला दुसऱ्या एका कोर्टात, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, येतात. तिथे फिर्याद, पंचनामा, वाहन-ड्रायव्हर-विमा यांची माहिती असलेला एए फॉर्म यांना पुरावा म्हणून निशाणी क्रमांक पडतात. ड्रायव्हर फौजदारी खटल्यात सुटला म्हणून भरपाईचा दावा पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच एन. के. व्ही. ब्रदर्सच्या प्रकरणात तसं सांगून ठेवलं आहे. फौजदारी कोर्टाला शंकेपलीकडचा पुरावा हवा असतो. न्यायाधिकरण एवढंच बघतं की दोन हकिकतींपैकी कुठली घडलेली असण्याचा संभव जास्त आहे. आणि ते ठरवायला न्यायाधीशांपुढे जे कागद असतात, त्यातला सगळ्यात वजनदार कागद तुम्ही रस्त्याच्या कडेला, गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिलेला असतो.

कुणी म्हणेल, चूक कुणाची याला एवढं महत्त्व कशाला, अपघात झाला, विमा आहे, पैसे मिळतील. तसं नाही. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या मिनू मेहता प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की समोरच्या ड्रायव्हरची निष्काळजी दाखवल्याशिवाय भरपाईची जबाबदारी त्याच्या मालकावर किंवा विमा कंपनीवर येत नाही. पुढे मोटार वाहन कायद्यात बदल झाले. आज कलम १६४ खाली चूक कुणाची हे न विचारता ठरावीक रक्कम मिळते, मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. ज्याचा पाय गुडघ्यापासून गेला किंवा ज्याला डोक्याच्या दुखापतीमुळे पुन्हा कामावर उभं राहता येणार नाही, त्याचं अडीच लाखांत काय होतं ते तुम्ही दवाखान्यांच्या चकरा मारताना पाहिलेलंच आहे. खऱ्या नुकसानाएवढी भरपाई हवी तर कलम १६६ खाली दावा करावा लागतो, आणि तिथे पहिला मुद्दा हाच निघतो की निष्काळजी कुणाची.

आता हा मुद्दा शाबीत करायचा कुणी? गेलेला माणूस बोलत नाही. वाचलेल्याला बरेचदा काही आठवत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांची नावं कागदावर नसतात. ट्रक ड्रायव्हर साक्षीला येत नाही, तीन वर्षांत तो नोकरी सोडून कुठल्या राज्यात गेला याचा मालकालाही पत्ता नसतो. उरतो तो पंचनामा.

ज्युनिअर असताना मला उलटतपासाचा पहिला प्रश्न पाठ करून दिला होता. “अपघात तुम्ही स्वतः पाहिला का?” बायको, आई, भाऊ, कुणीही साक्षीला असो, उत्तर ‘नाही’ येणार हे ठरलेलं. एका बाईंना मी तो विचारला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पाहिला असता तर मी मध्ये पडले नसते का गं?” रेकॉर्डवर मराठीत टाइप झालं, ‘मी अपघात पाहिला नाही हे खरे आहे.’ त्या दिवशी आमच्या बाजूचं काम झालं होतं, कारण पंचनाम्यात त्यांच्या नवऱ्याच्या बाजूचं एक वाक्य नव्हतं. ती पिंजऱ्यातली बाई डोक्यातून कधी गेली नाही. काही महिन्यांनी मी ते ऑफिस सोडलं.

सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते एका मुलाबद्दल. नाव, गाव, ठाणं काही लिहीत नाही. वय २८, गॅरेजमध्ये मेकॅनिक, महिना पंधरा हजार. नोव्हेंबरातल्या एका रात्री साडेनऊच्या सुमारास राज्य मार्गावरून दक्षिणेकडून उत्तरेकडे घरी चालला होता. समोरून ट्रक आला. मुलगा बावीस दिवस बेशुद्ध होता. वाचला, पण उजवा हात खांद्यापासून लुळा, बोलताना शब्द सापडत नाहीत, मधूनच झटके येतात.

ट्रक ड्रायव्हर त्याच रात्री ठाण्यात हजर झाला आणि त्याने सांगितलं तीच फिर्याद झाली. ‘मोटारसायकलस्वाराने त्याच्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून राँग साइडला येऊन धडक दिली.’ हे वाक्य तुम्ही आणि मी इतक्या वेळा वाचलं आहे की त्यातलं माणसाचं नाव बदललेलं आपल्या लक्षातही येत नाही. आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेला मुलगा आरोपी झाला. पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला झाला. रस्ता दक्षिणोत्तर, डांबरी, दुहेरी. ‘मोटारसायकल रस्त्याच्या पूर्वेकडील साइडपट्टीवर पडलेली दिसून येते. रस्त्यावर काचांचे तुकडे व रक्ताचे डाग आहेत.’ एवढंच.

उत्तरेकडे जाणाऱ्याची डावी बाजू पश्चिम. मोटारसायकल सापडली पूर्वेला, म्हणजे मुलगा राँग साइडला होता. विमा कंपनीच्या कैफियतीत या एका वाक्यावर दीड पान होतं.

खरं काय झालं ते मला दोन वर्षांनी कळलं. पश्चिमेच्या बाजूला केबलसाठी खणलेली चर होती. रात्री दोन्हीकडे वाहनं तुंबली, एसटीचा ड्रायव्हर ओरडायला लागला, तेव्हा चहाच्या टपरीवाल्याने आणखी दोघांना घेऊन मोटारसायकल ओढत समोरच्या बाजूला, पूर्वेला, नेऊन ठेवली. चरीच्या बाजूला ती ठेवायला जागाच नव्हती. काचा आणि रक्त पश्चिमेच्या अर्ध्या भागात होतं. रक्तावर त्यानेच राख टाकली होती. या माणसाला पोलिसांनी विचारलं नाही, कारण पोलीस आले तेव्हा तो टपरी बंद करून घरी गेला होता, आणि सकाळी पंचनाम्याच्या वेळी टपरीवर त्याची म्हातारी आई होती.

कोर्टात मुलगा पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा त्याला विचारलं, “पंचनामा तुम्हीच दाखल केला आहे, तो तुम्हाला मान्य आहे ना?” हा सापळा आहे, आणि मी तो एके काळी स्वतः लावत असे. ‘मान्य नाही’ म्हणावं तर आपलाच पुरावा आपण नाकारला. ‘मान्य आहे’ म्हणावं तर पूर्वेकडची साइडपट्टीही मान्य केली. २००७ साली प्रेमलता शुक्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं आहे की जो पक्ष एखादा कागद पुराव्यात आणतो त्याला त्यातला सोयीचा भाग घेऊन गैरसोयीचा टाकता येत नाही. मुलाने बराच वेळ शब्द शोधला आणि म्हणाला, “मला समोर दिवे दिसले. मग दवाखाना.”

टपरीवाल्याला मी साक्षीला आणलं. त्याला विचारलं गेलं, “पोलिसांनी तुमचा जबाब घेतला का?” नाही. “तुम्ही स्वतःहून पोलिसांकडे गेलात का?” नाही. “म्हणजे दोन वर्षांनी अर्जदाराच्या सांगण्यावरून आलात.” निकालात लिहिलं आहे की हा साक्षीदार विश्वासार्ह वाटत नाही. दोघांची चूक निम्मी निम्मी.

निम्मी म्हणजे किती ते मांडून दाखवते, कारण आकडा समोर आला की पंचनाम्यातलं वाक्य किती जड असतं ते दिसतं. पंधरा हजार पगार. प्रणय सेठी प्रकरणातल्या २०१७च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे महिना २१ हजार, वर्षाला २ लाख ५२ हजार. वय २६ ते ३० असेल तर सरला वर्मा प्रकरणातल्या २००९च्या निकालाच्या तक्त्यात गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा, १७. कोर्टाने त्याची काम करण्याची क्षमता ६० टक्के गेली असं धरलं. गुणाकार येतो २५ लाख ७० हजार ४०० रुपये. त्यातले १२ लाख ८५ हजार २०० रुपये ‘स्वतःच्या निष्काळजीपणापोटी’ वजा झाले. दवाखान्याच्या खर्चातूनही निम्मा गेला, तो वेगळाच. एक मोटारसायकल रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला कुणी नेली हे लिहायचं राहिलं, त्याची ही रक्कम. आम्ही अपील केलं आहे. आता ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे येईल.

तुम्ही म्हणाल, वकीलबाई, कायदा तुमच्या बाजूने आहे, मग आम्हाला कशाला सांगता? आहे खरा. केरळातल्या जिजू कुरुविला प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्यक्ष पुरावा नसताना नुसत्या घटनास्थळाच्या नकाशावरून, वाहनं कुठे उभी होती यावरून, मयताचाही दोष होता असं धरता येणार नाही. फिर्याद उशिरा आली म्हणून दावा फेटाळू नये, असं २०११ साली रवी विरुद्ध बद्रीनारायण प्रकरणात म्हटलं आहे. लायसन्स नव्हतं एवढ्यावरून जखमीचा दोष धरता येत नाही, असं २००८चा एक निकाल सांगतो. मोटारसायकलवर तिघं होते हा नियमभंग आहे, पण त्यामुळेच अपघात झाला किंवा दुखापत वाढली हे दाखवल्याशिवाय त्याला सहभागी निष्काळजीपणा म्हणता येत नाही, असं २०२०चा निकाल सांगतो. हे सगळे निकाल मी युक्तिवादात देते. पण निकाल टेकवायला खाली जमीन लागते. समोर दुसरी काहीच हकीकत नसेल तर न्यायाधीशांनी तरी काय धरायचं? मग नकाशातली फुली हीच हकीकत होऊन बसते.

तुमची अडचण मला माहीत नाही असं समजू नका. रात्री एक गाडी, एक हवालदार, एक चालक. हद्दीत पाच-पंचवीस गावं. आधी जखमीला उचलायचं की आधी मोजमाप करायचं, हा प्रश्न तिथे कुणी विचारूच शकत नाही. मागे वाहतूक तुंबलेली, कुणीतरी व्हिडिओ काढतंय, गावातले लोक ट्रक जाळायच्या गोष्टी करताहेत, आणि सकाळी बंदोबस्ताची ड्यूटी. जखमीला आधी पोचवलंत ते योग्यच केलंत. पंचनामा सकाळी झाला तरी चालतो. तो सकाळी झाला, आणि रात्रीपासून काय काय हललं, एवढं त्यात यावं.

एका हवालदारांनी लिहिलेला पंचनामा मी गेली आठ वर्षं ज्युनिअर मुलांना दाखवते. तोही सकाळचाच होता. त्यात लिहिलं होतं की डांबरी भागाची रुंदी ७ मीटर, दोन्ही कडांना साइडपट्टी, मधली पांढरी रेघ पुसट. पश्चिम कडेपासून १ मीटर ८० सेंटिमीटरवर हेडलाइटच्या काचांचा खच. पूर्वेच्या बाजूने सुरू होऊन तिरकी पश्चिमेकडे आलेली टायर घासल्याची काळी खूण, लांबी ११ मीटर. ट्रकच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला रंग खरवडलेला. आणि शेवटी असं एक वाक्य, ‘मोटारसायकल रात्री वाहतूक सुरळीत करण्यासाठी नागरिकांनी बाजूला घेतल्याचे हजर इसम सांगतात, त्यांची नावे व मोबाइल नंबर खालीलप्रमाणे.’ खाली दोन नावं.

यात काय आलं बघा. दुहेरी रस्ता ७ मीटरचा, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेतीन मीटर. काचा पश्चिमेच्या कडेपासून पावणेदोन-दोन मीटरवर, म्हणजे धडक मोटारसायकलवाल्याच्या बाजूच्या बरोब्बर मध्यावर झाली. टायरची खूण सांगते की ट्रक पूर्वेची स्वतःची बाजू सोडून इकडे आला. गाडी नंतर कुठेही नेऊन ठेवलेली असो, काचा आणि खूण कुणी उचलून नेत नाही. विमा कंपनीच्या वकिलांनी तो पंचनामा वाचला आणि मला फोन करून विचारलं की लोक अदालतीत बसायचं का. सात महिन्यांत तडजोड होऊन पैसे जमा झाले. त्या हवालदारांना यातलं काही कळलं नसेल. त्यांना साक्षीला यावंच लागलं नाही. टेपचं दुसरं टोक त्यांनी एका पंचालाच धरायला लावलं होतं, हे त्या पंचाने मला सांगितलं.

उसाचा हंगाम आला की मला धडकी भरते, त्याबद्दल थोडं लिहिते. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, असला तर चिखलाने माखलेला. ट्रॉलीचं टायर फुटतं, रस्त्यातच उभी करून माणूस पंक्चरवाल्याला शोधायला जातो. मागून मोटारसायकल आदळते. मयत मागून येऊन धडकला म्हणून गुन्हा मयतावरच दाखल होतो, आरोपी मयत म्हणून अबेटेड समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली जाते, आणि घरच्यांच्या हातात असा कागद येतो ज्यात त्यांचा माणूस स्वतःच्या चुकीने मेला असं सरकारी शिक्क्यासह लिहिलेलं असतं. तो कागद घेऊन ते माझ्याकडे येतात, तेव्हा कलम १६६चा दावा उभा करणं फार अवघड झालेलं असतं.

कायदा इथेही वेगळं सांगतो. इतरांना धोका होईल अशा जागी वाहन सोडून जाणं कलम १२२ खाली मनाई आहे. अर्चित सैनी प्रकरणात २०१८ साली रात्री रस्त्याच्या मध्ये, दिवे न लावता उभ्या असलेल्या गॅस टँकरवर कार आदळली होती. उच्च न्यायालयाने कारवाल्याचाही निम्मा दोष धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो काढून सगळी जबाबदारी टँकरवर टाकली, आणि त्यासाठी टँकर रस्त्याच्या मध्ये दाखवणारा घटनास्थळाचा नकाशा उपयोगी पडला. म्हणजे तुमचाच कागद. पण आपल्याकडच्या पंचनाम्यात ट्रॉलीच्या मागच्या बाजूचं वर्णन सापडत नाही. टेल लॅम्प होता का, चालू होता का, रिफ्लेक्टर होते का, मागे फांदी किंवा दगड ठेवले होते का, ट्रॉली साइडपट्टीवर होती की डांबरावर, डांबरावर असेल तर किती मीटर आत, यातलं एकही नसतं. चार दिवसांनी आरटीओचे निरीक्षक वाहन तपासायला जातात, तेव्हा मागे नवीकोरी लाल रिफ्लेक्टर पट्टी चमकत असते. त्या रात्री मोबाइलवर ट्रॉलीच्या मागचा एक फोटो काढून तो कागदात लावलात तर पट्टी कधी लागली हे कुणाला सांगावं लागणार नाही.

खड्ड्यांचंही तेच. ‘मोटारसायकल घसरून’ असं लिहिलं की दोष चालवणाऱ्याचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. ज्या पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली नाही, त्या घरच्यांनी हा आदेश घेऊन कुठे जायचं?

साक्षीदारांच्या बाबतीत मला तुमच्याशी एकदा मोकळं बोलायचं आहे. लोक नावं देत नाहीत हे मान्य. कोर्टाच्या चकरा कुणाला हव्यात? पण कायद्यात आता कलम १३४अ आहे. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, नाव सांगायची सक्ती करायची नाही. हे तुम्ही त्यांना सांगितलंत की निम्मे लोक स्वतःहून नंबर देतात, असा माझा अनुभव आहे. नाव द्यायचं नसेल तर निदान जवळ टपरी आहे, पंप आहे, ढाबा आहे, त्याच्या दारावर कॅमेरा आहे, एवढं लिहा. फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, आणि आमच्याकडे माणूस येतो तो दवाखान्यातून सुटल्यावर, महिना-दोन महिन्यांनी.

वाहन पळून गेलं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. ‘अज्ञात वाहन’ लिहून तपास थांबला तर कलम १६१ खाली मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार. नंबर मिळाला तर दावा पूर्ण रकमेचा. कुणीतरी नंबरातले शेवटचे दोन आकडे सांगतं, कुणी ट्रकच्या मागे काय लिहिलं होतं ते सांगतं. पूर्ण नंबर नाही म्हणून ते जबाबातून वगळू नका. अशा दोन आकड्यांवरून टोलनाक्यावरचं वाहन सापडलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

ड्रायव्हर स्वतः फिर्याद द्यायला आला तर ती घ्यावीच लागते, हे मला समजतं. पण समोरचा माणूस बेशुद्ध आहे, डॉक्टरांनी जबाब देण्यास सक्षम नाही असं लिहिलं आहे, मग चूक कुणाची हे ठरवायला आठ दिवस थांबता येणार नाही का? तो शुद्धीवर आला की त्याचा जबाब घ्या. त्याला आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असं लिहा. तेही आमच्या कामाचं आहे, कारण तीन वर्षांनी त्याला खोटं ठरवताना हाच प्रश्न येतो की आज जे सांगतोस ते पोलिसांना का नाही सांगितलं.

१ एप्रिल २०२२ पासून नियम बदलले आणि तुमच्यावर आणखी कागद आले, हे मी जाणते. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत, तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे. गोहर मोहम्मद प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याची अंमलबजावणी करा, पोलीस ठाण्यांत त्यासाठी प्रशिक्षित माणसांचं वेगळं पथक नेमा, असं सांगितलं. नियमाप्रमाणे तुमचा अहवाल हाच जखमीचा अर्ज म्हणून धरता येतो. म्हणजे ज्याला वकील करता येत नाही, ज्याला सहा महिन्यांची मुदत ठाऊक नाही, त्याचाही दावा तुमच्या हातून उभा राहू शकतो. ही तपासी अंमलदाराच्या हातातली फार मोठी ताकद आहे. माझ्यापुढे येणाऱ्या अहवालांत मात्र वाहनाचे, विम्याचे रकाने भरलेले असतात आणि ‘अपघात कसा झाला’ या रकान्यात फिर्यादीतलं तेच हयगयीने-अविचाराने वाक्य उतरवलेलं असतं.

जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी हे पत्र वाचलं तर त्यांना एकच विनंती. अपघाताला जाणाऱ्या प्रत्येक गाडीत ३० मीटरचा टेप, खडूची पेटी आणि चांगली बॅटरी ठेवायला लावा. ‘अंदाजे’ हा शब्द पंचनाम्यातून निघून गेला की आमच्या कोर्टातली निम्मी भांडणं मिटतील.

आणि तुम्हा अंमलदारांना एक सांगणं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुटी असते. तुमच्या ठाण्यात बोलावलंत तर मी येईन. जुन्या निकालांच्या नकला आणीन, त्यांत पंचनाम्यातल्या कुठल्या ओळीमुळे काय झालं ते खुणा करून ठेवलं आहे. तो आठ वर्षांपूर्वीचा चांगला पंचनामाही आणीन. चहाची आणि भाषणाची गरज नाही, तासभर बसू. त्या टपरीवाल्याने ओढून नेलेल्या मोटारसायकलचा पंचनामा ज्यांनी केला, त्यांनी मला आधी बोलवावं अशी इच्छा आहे. त्यांच्याबद्दल मनात राग नाही. तो मुलगा अजून दर तारखेला येतो, डाव्या हाताने नमस्कार करतो आणि विचारतो, “मॅडम, ती गाडी तिकडे कशी गेली हे आता लिहून घेता येईल का?”

कळावे,

आपली,
मोटार अपघात दाव्यांत काम करणारी एक वकील